गुत्तीहून निघालेला तांडा पोहरादेवीला कसा थांबला? संत सेवालाल महाराजांची गोष्ट

रामनवमी जवळ आली की वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याकडे जाणारे रस्ते गाड्यांनी भरून जातात. दिग्रसकडून, पुसदकडून, कारंज्याकडून जीप, ट्रॅव्हल्स, टेम्पो. नंबर प्लेटा बघितल्या तर महाराष्ट्राच्या, तेलंगणाच्या, कर्नाटकच्या, आंध्रच्या. गाडीतल्या माणसांचा पेहराव वेगळा, मुलुख वेगळा, पण एकमेकांशी बोलताना भाषा एकच, गोरबोली. आणि सगळ्यांचा मुक्काम एकच, पोहरादेवी.

देशभरातला बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. इथं जगदंबा देवीचं मंदिर आहे आणि तिच्याजवळच संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. १५ फेब्रुवारीला त्यांची जयंती सरकारी कार्यालयांतही साजरी होते. व्हॉट्सअॅपवर पांढऱ्या झेंड्याचं, पागोटं बांधलेल्या महाराजांचं चित्र फिरतं. पण हा माणूस नेमका कोण होता, आंध्रात जन्मला आणि विदर्भात समाधिस्थ कसा झाला, हे बंजारा समाजाबाहेर फार कमी लोकांना माहिती असतं.

तर ही गोष्ट सुरू होते ती पोहरादेवीपासून जवळपास सरळ दक्षिणेला, साडेपाचशे किलोमीटरवर.

आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागात गुत्ती नावाचा एक डोंगरी किल्ला आहे. मराठ्यांच्या इतिहासात हे नाव परकं नाही. अठराव्या शतकात मुरारराव घोरपडे यांनी इथूनच आपला कारभार चालवला आणि १७७६ साली हैदरअलीने त्यांच्याकडून तो घेतला. याच गुत्तीच्या परिसरात, परंपरा सांगते त्याप्रमाणे १५ फेब्रुवारी १७३९ रोजी, सेवालाल यांचा जन्म झाला. वडील भीमा नायक, आई धरमणी याडी. गोरबोलीत याडी म्हणजे आई. आज ही जागा सेवागड म्हणून ओळखली जाते.

भीमा नायक हे तांड्याचे नायक होते. आता नायक म्हणजे काय, हे कळल्याशिवाय सेवालाल यांचं आयुष्य कळणार नाही.

आपल्याकडे तांडा म्हणलं की गावाबाहेरची वस्ती डोळ्यासमोर येते. पण त्या काळी तांडा म्हणजे चालतं गाव होतं. शेकडो कुटुंबं, हजारो बैल, गायी, कुत्री, म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, सगळं एकत्र चालायचं. बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या टाकलेल्या. एका बैलावर साधारण सव्वाशे किलोपर्यंतचा माल. किनाऱ्यावरून मीठ उचलायचं, आत देशावर आणून विकायचं आणि जाताना धान्य न्यायचं. गाडीरस्ते नव्हतेच, होते ते डोंगरातून, ओढ्यातून जाणारे वाटमार्ग. तिथं चाकाची गाडी अडते, बैल अडत नाही.

हा कारभार किती मोठा होता, याच्या नोंदी परदेशी प्रवाशांनी करून ठेवल्यात. सतराव्या शतकात पीटर मंडी या इंग्रजाला वाटेत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहिलंय. असे दोन तांडे अरुंद वाटेवर समोरासमोर आले की वाहतूक दोन-तीन दिवस खोळंबायची.

मुघलांची फौज दक्षिणेत उतरली तेव्हा तिच्या पोटाला धान्य पुरवणारे बंजारेच होते. पुढे १७९१ च्या म्हैसूरच्या लढाईत कॉर्नवॉलिसला आणि १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध लढताना आर्थर वेलस्लीलाही बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून राहावं लागलं. लढणारे कोणीही असोत, तांड्याला सहसा कोणी हात लावत नसे. कारण साधं होतं. आज ज्याचा तांडा लुटला, तो उद्या धान्य घेऊन येणार नाही.

एवढा पसारा सांभाळायचा म्हणजे शिस्त पाहिजे. कधी निघायचं, कुठं उतरायचं, कोणत्या गावाशी काय बोलायचं, हे नायक ठरवायचा. हाताखाली कारभारी असायचा. भांडणतंटा झाला तर तांड्याचीच पंचायत बसायची, तिला नसाब म्हणतात. कोर्टकचेरीत जायची पद्धत नव्हती. जायचं तरी कुठल्या? आज निजामाच्या मुलखात, महिन्याने पेशव्यांच्या, त्यापुढे नागपूरकर भोसल्यांच्या.

सेवालाल हे अशा घरातले थोरले. म्हणजे नायकपण चालत येणार होतं. पण लहानपणापासून त्यांचा ओढा गुरं आणि भक्ती यांच्याकडेच जास्त होता, असं सांगितलं जातं. ते गायी राखायचे. आईने शिदोरी दिली नाही तेव्हा त्यांनी रानात चिखलाचा शिरा करून सवंगड्यांना खाऊ घातला, ही कथा आजही तांड्यावरच्या प्रत्येक लेकराला माहिती असते. दुसरी कथा समुद्रात अडकलेल्या जहाजाची. ते जहाज सेवालाल यांनी मोकळं केलं आणि मोबदल्यात मोती मिळाले, म्हणून त्यांना मोतीवाळो असंही म्हणतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी या कथेतून एक गोष्ट दिसते. गुत्तीच्या कोरड्या माळावर जन्मलेल्या माणसाच्या कथेत जहाज आणि मोती येतात, कारण मीठ उचलायला तांडा थेट किनाऱ्यापर्यंत जात होता.

पण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती देवीसोबतच्या भांडणाची.

झालं असं की, जगदंबेला सेवालाल आपले भगत म्हणून हवे होते. सेवालाल तयार नव्हते. कथा सांगते की देवीने आधी भीमा नायकांकडे मुलगा मागितला. वडिलांनी विषय मुलावर सोडला आणि मुलाने नकार दिला. मग तांड्यावर एकामागून एक संकटं येऊ लागली. गुरं मरायला लागली, माणसं आजारी पडायला लागली. हजारो जनावरांच्या जिवावर चालणाऱ्या समाजात गुरांची साथ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बैल मेला की धंदा मेला. शेवटी तांड्याचे हाल बघून सेवालाल यांनी देवीपुढे मान तुकवली आणि त्यानंतर आयुष्यभर तिची सेवा केली. लग्न मात्र केलं नाही.

या कथेची गंमत म्हणजे ती इंग्रजांच्या कागदातही सापडते. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांबद्दल मॅकेन्झी नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात काही माहिती लिहून ठेवली होती आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली काढलेल्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ती घेतली. तिथं सेवालाल यांचं नाव शिवा राठोड, शिवा भाया असं येतं. देवी आहे मरीमाता, म्हणजे पटकीची देवी. साहेबाने मात्र सगळी गोष्ट लग्नाच्या मागणीसारखी लिहिलीये, जणू देवी त्यांच्या प्रेमात पडली होती. समाजात सांगतात त्या कथेत देवी ही याडी आहे, आईच. भक्तीचं नातं साहेबाच्या डोक्यात शिरलं नाही असंच म्हणावं लागतं. पण नकार, संकटं आणि मग शरण जाणं, हा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. एकोणिसाव्या शतकातच ही कथा वऱ्हाडातल्या तांड्यांवर घरोघरी पोचली होती, हे त्यावरून कळतं.

वडिलांनंतर नायकपण सेवालाल यांच्याकडे आलं. आता ते एकाच वेळी दोन गोष्टी होते. देवीचे भगत आणि हजारो जनावरांच्या व्यापारी तांड्याचे प्रमुख. त्यांच्या नावाने जी शिकवण सांगितली जाते ती या दुसऱ्या कामातून आल्यासारखी वाटते. दारू पिऊ नका, चोरी करू नका, खोटं बोलू नका, बाईचा मान ठेवा, रानाची आणि पाण्याची नासाडी करू नका, तांड्यावर आलेल्या उपाशी माणसाला जेवू घाला. वाचायला साधं वाटतं. पण ज्याचा माल उधारीवर आणि शब्दावर चालतो, ज्याला दर रात्री नव्या गावाच्या शिवारात उतरायचंय, त्याच्यासाठी हे धंद्याचे नियम होते. एका पोराने गावातली शेळी उचलली तर पुढच्या वर्षी त्या गावचं पाणी अख्ख्या तांड्याला बंद.

पाण्यावरून आठवलं. पुढे एक काळ असा येईल की पाणी पैसे देऊन विकत घ्यावं लागेल, असं सेवालाल सांगून गेलेत अशी समाजात श्रद्धा आहे. पाण्याच्या बाटल्या आल्यापासून हे भाकीत दर उन्हाळ्यात सोशल मीडियावर फिरतं. ज्याला संध्याकाळपर्यंत हजारो जनावरांना पाणी दाखवायचंय, त्याच्या डोक्यात पाण्याचा हिशोब कायम असणारच.

तर या तांड्याचा उत्तरेकडचा प्रवास. गुत्तीहून निघायचं, तुंगभद्रा आणि कृष्णा ओलांडायच्या, हैदराबादच्या मुलखातून गोदावरी पार करायची आणि पैनगंगा उतरली की वऱ्हाड. लादलेला बैल चरत चरत दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर जातो. म्हणजे कुठंही न थांबता, सरळ चाललं तरी दीड महिना. प्रत्यक्षात माल विकत, वळणं घेत, पावसाळ्यात चार महिने एका जागी डेरा टाकत जायचं, म्हणजे एका फेरीत वर्ष निघून जायचं. हैदराबादमध्ये आज जो सगळ्यात महागडा भाग समजला जातो, त्या बंजारा हिल्सचं नावही इथं उतरणाऱ्या तांड्यांवरूनच पडलंय. सेवालाल यांनी हैदराबादेत पसरलेली साथ शांत केली, निजामालाही त्यांची दखल घ्यावी लागली, अशा कथा याच प्रवासातल्या.

पैनगंगेच्या उत्तरेला वाशिम, पुसद, दिग्रस, मानोरा हा भाग म्हणजे वऱ्हाडचा बालाघाट. लहान लहान डोंगर, मधे दऱ्या, सागाचं जंगल आणि पाऊस झाला की गुडघाभर गवत. शेतीसाठी खालचा पयनघाट चांगला, काळी माती तिकडं. पण गुरांसाठी बालाघाटासारखी जागा नाही. तांडे इथं उतरायचे आणि रमायचे. सेवालाल यांचं शेवटचं आयुष्य याच पट्ट्यात गेलं. त्यांचा मृत्यू दिग्रसजवळच्या रुईगड इथं झाला असं मानतात. तारीख सांगितली जाते ४ डिसेंबर १८०६, मात्र काही अभ्यासक त्याआधीचं साल धरतात. समाधी बांधली गेली ती देवीच्या शेजारी, पोहरादेवीला. ज्या देवीला नाही म्हणाले होते, तिच्याच दारात.

आता थोडं लांब जाऊ. थेट दक्षिण अमेरिकेत.

पेरू देशात अँडीज पर्वतात उरुबांबा नदीचं खोरं आहे. जगभरातून लोक तिथं जातात. ओयांताय्तांबोच्या दगडी पायऱ्या चढतात, माचू पिचूचे फोटो टाकतात. हे सगळं उभं केलं इंका लोकांनी, पंधराव्या शतकात. त्यांच्याकडेही वाहतुकीला चाक नव्हतं. माल जायचा माणसांच्या आणि लामा नावाच्या जनावराच्या पाठीवर. लामा आपल्या बैलाच्या पाव हिश्श्याएवढंच, पंचवीस-तीस किलो ओझं उचलतो. तरी इंकांनी चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास रस्त्यांचं जाळं विणलं होतं आणि एका दिवसाच्या चालीवर मुक्कामाच्या दगडी जागा बांधल्या होत्या, त्यांना तांबो म्हणत. १५३२ मध्ये स्पॅनिश आले आणि राज्य कोसळलं. पण दगड राहिले. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम माचू पिचूला पोचला आणि पुढे जग तिकडं जायला लागलं.

तांड्याचं तसं नाही. डोंगर तसेच, ओझ्याची जनावरं तशीच, रोजच्या चालीचा हिशोबही तसाच. पण इंकांच्या मागे राजा होता, सक्तीने राबणारी रयत होती आणि गोदामं होती. तांड्यामागे कोणीच नव्हतं. कापडाची पालं, सकाळी उठून गुंडाळली की मागे राहायची चुलीची राख. म्हणून बालाघाटातून जाताना त्या वाटांवर बघण्यासारखे अवशेष जवळपास काही नाहीत. कुठं बंजाऱ्यांनी खोदली म्हणून सांगतात ती विहीर, कुठं तळं. मध्य प्रदेशात सागर शहराच्या मधोमध असलेल्या तलावाला लाखा बंजाराचं नाव आहे, ते त्यातलंच. सेवालाल यांचं चरित्रसुद्धा दगडावर कोरलेलं नाही. ते भजनात आहे, होळीच्या लेंगीत आहे, अरदास म्हणताना घेतलेल्या नावांत आहे. म्हाताऱ्यांनी म्हणायचं थांबवलं असतं तर ते गेलंच असतं.

आणि तशी वेळ आलीही होती.

सेवालाल यांच्यानंतर साठेक वर्षांत त्यांच्या तांड्याचं जग संपलं. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६७ मध्ये रूळ वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचले. दहा हजार बैल महिनाभर वाहतील तेवढा माल गाडी दोन दिवसांत नेऊ लागली. मिठावर सरकारी कर आणि पहारे बसले. सैन्यालाही बंजाऱ्यांची गरज उरली नाही. चराऊ रानं जंगल खात्याच्या ताब्यात गेली. धंदा बुडाला तसे तांडे जिथं होते तिथं बसले. वऱ्हाडात आणि मराठवाड्याच्या कडेला आज इतके तांडे दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे.

त्यात १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ज्यांनी कंपनीच्या फौजेला धान्य पुरवलं, त्यांच्याच पोरानातवंडांना कित्येक भागांत जन्मतः गुन्हेगार ठरवून पोलिसांच्या यादीत टाकलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला, म्हणून विमुक्त हा शब्द आला. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. तेलंगणा आणि आंध्रात हाच समाज अनुसूचित जमातीत येतो. म्हणजे सेवालाल यांचा एकच तांडा गोदावरीच्या दोन बाजूंना बसला आणि सरकारदरबारी दोन वेगळ्या रकान्यांत गेला. हा वाद अजून चालू आहे.

या पडझडीत विखुरलेल्या लोकांना एकत्र यायला जागा लागत होती. नायक गेले, वाटा गेल्या, बैल गेले. राहिली ती समाधी. पोहरादेवीचं महत्त्व वाढत गेलं ते असं. गावाच्या जवळच उमरीला सामकी माता आणि जेतालाल महाराजांची स्थानं आहेत, यात्रेला आलेला माणूस तिकडेही जाऊन येतो. इथला विधी बघितला तर तांडा अजून चालतोय असं वाटतं. अग्नीत तूप आणि गोडाचा नैवेद्य टाकून भोग लावतात, नगारा वाजतो, पांढरा झेंडा चढतो. पांढरा झेंडा सेवालाल यांचा.

सगळंच गोड होतं असंही नाही. या यात्रेत नवसाचे बोकड कापायची रीत होती आणि त्यांची संख्या मोठी असायची. ती बंद व्हावी म्हणून महंतांनी, कार्यकर्त्यांनी आणि प्रशासनाने वर्षानुवर्षं प्रयत्न केले. विरोध करणारे सेवालाल यांचाच दाखला द्यायचे, तुपागुळाच्या भोगाचा. नवस फेडणारे म्हणायचे, देवीचं देवीला. देवी आणि भगत यांच्यातलं ते जुनं भांडण असं वेगळ्या रूपात चालू राहिलं.

याच बालाघाटातल्या तांड्यांतून पुढे राज्याला दोन मुख्यमंत्री मिळाले. पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री होते, आणि १९९१ मध्ये सुधाकरराव नाईक. गहुलीहून पोहरादेवी काही फार लांब नाही. मतांच्या राजकारणात या जागेचं वजन वाढलं ते तेव्हापासून. आता निवडणूक जवळ आली की सगळ्या पक्षांचे नेते समाधीवर डोकं टेकवायला येतात. अनेक वर्षं गादीवर असलेले संत रामराव महाराज ऑक्टोबर २०२० मध्ये गेले, तेव्हा कोरोनाच्या काळातही अंत्यदर्शनाला गर्दी झाली होती.

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नगाऱ्याचा आहे. आत तांड्याचं जगणं, दागिने, पेहराव, व्यापाराच्या वाटा असं सगळं मांडलंय. ज्या समाजाने रोज सकाळी घर गुंडाळून बैलावर टाकलं, त्याचं सामान पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पक्क्या इमारतीत ठेवलं गेलंय.

तिथं जायचं असेल तर दिग्रस किंवा मानोऱ्याहून रस्ता आहे. रामनवमीला गेलात तर गर्दीत चालायची तयारी ठेवा. बाकीच्या दिवसांत गाव शांत असतं. नगारा बघून झाला की समाधीवर जा, तिथं एखादी म्हातारी याडी भजन म्हणत बसलेली असू शकते. गुत्तीपासूनची सगळी वाट तिला पाठ असते.